पापनिवेदन आणि आत्मनिवेदन : एका समीक्षासंज्ञेची फेरतपासणी

१

मराठीतील आत्मपर लेखनाची चर्चा करताना ‘कबुली’ ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. लेखकाने स्वतःविषयी काही लज्जास्पद, अप्रिय किंवा एरवी लपवले गेले असते असे सांगितले, की ते लेखन ‘कबुलीजबाबाच्या जातीचे’ ठरते. तुकारामांचे स्वतःला पतित म्हणवणारे अभंग, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेचे स्वगत आणि दया पवारांचे ‘बलुतं’ यांना हे एकच विशेषण लावताना आपल्याला अडखळल्यासारखे होत नाही. या विशेषणाच्या मागे युरोपीय समीक्षेतून आलेली एक कल्पना आहे आणि त्या कल्पनेच्या मागे कॅथलिक ख्रिस्ती परंपरेतील एक धर्मविधी आहे. त्या विधीची प्रत्यक्ष रचना काय आहे, हे पाहण्याचे कष्ट मात्र सहसा घेतले जात नाहीत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : पापनिवेदन ही केवळ आशयाची बाब नाही. ती विशिष्ट अटींनी बांधलेली भाषिक कृती आहे. काय सांगितले यापेक्षा कोणाला सांगितले, ऐकणाऱ्याला कोणता अधिकार होता आणि सांगितलेल्याचे पुढे काय झाले, या तीन प्रश्नांवर तिचे स्वरूप ठरते. या कसोटीवर मराठीतील बहुतेक तथाकथित कबुल्या कबुल्या ठरत नाहीत. त्यांना तसे म्हणताना आपण वाचक या नात्याने नकळत एका आसनावर जाऊन बसतो, आणि त्या आसनावर बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नसतो.

२

मराठी कॅथलिकांच्या धर्मभाषेत या विधीला ‘पापनिवेदन’ किंवा ‘प्रायश्चित्त साक्रामेंत’ म्हणतात. गोव्याच्या कोंकणीत पोर्तुगीज क्रियापदावरून घडलेला ‘कुमसार’ हा शब्द रूढ आहे. सात साक्रामेंतांपैकी हा एक. त्याचे आजचे रूप आरंभापासूनचे नाही. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत मोठ्या पापांचे प्रायश्चित्त मंडळीच्या देखत आणि बहुधा आयुष्यात एकदाच घेतले जाई. खाजगीत, पुन्हा पुन्हा, एका धर्मगुरूच्या कानात पाप सांगण्याची पद्धत सहाव्या-सातव्या शतकांत आयरिश मठवासीयांनी युरोपात पसरवली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असा नियम केला. १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने त्याचे शास्त्र पक्के केले : पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त ही पश्चात्तापी माणसाची तीन कर्मे, आणि धर्मगुरूने उच्चारलेली पापमुक्ती हे चौथे अंग. मध्ये जाळी असलेली लाकडी पेटी त्याच शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांच्या आग्रहामुळे रूढ झाली. १९७३ मध्ये विधीची नवी संहिता आली आणि समोरासमोर बसून बोलण्याची वाटही खुली झाली.

वाङ्मयीन दृष्टीने या रचनेतील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, निवेदनाचा नेमकेपणा. ‘मी पापी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. गंभीर पापे कोणत्या प्रकारची आणि किती वेळा, हे सांगावे लागते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनेही हा दंडक कायम ठेवला आहे. त्यामुळे येथील ‘मी’ हा गुणवाचक नसून कृतिवाचक असतो : अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अमुक कृत्ये करणारा. दुसरी, श्रोत्याचा अधिकार. धर्मगुरू सहानुभूतीने ऐकतो की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. तो प्रथमपुरुषी, निश्चयार्थी वाक्यात पापमुक्ती उच्चारतो आणि त्या उच्चाराबरोबर मुक्ती घडते, अशी श्रद्धा आहे. ऑस्टिनने ज्याला कृती घडवणारे विधान म्हटले, त्याचे इतके शुद्ध उदाहरण विरळाच. तिसरी, संहितेचा विलोप. ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणासाठी बाहेर काढायचे नाही. हा मोहोरबंदपणा जाणूनबुजून थेट मोडणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा आहे. दुभाष्या वापरला तर तोही गुप्ततेने बांधलेला असतो. म्हणजे निवेदन पुरे झाले की त्याची संहिता उरत नाही.

या शेवटच्या अटीकडे समीक्षेने विशेष लक्ष द्यायला हवे. गोव्यातील इन्क्विझिशनने १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, लोकांकडून जबान्या घेतल्या, लिहून काढल्या आणि दप्तरी लावल्या. ते न्यायासन होते. त्याच काळात त्याच चर्चमध्ये सांगितलेल्या खाजगी पापांचा मात्र एक अक्षरही पुरावा नाही. इतिहासकाराला कबुली सापडते तेव्हा ती जवळजवळ नेहमी न्यायासनापुढची असते. पापनिवेदन यशस्वी झाले असेल तर ते सापडतच नाही.

गांधीजींच्या आत्मकथेतील एक प्रसिद्ध प्रसंग हा भेद स्पष्ट करतो. भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरल्यानंतर मुलाने वडिलांना चिठ्ठी लिहिली. तीत गुन्हा सांगितला, शिक्षा मागितली आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा केली. वडिलांनी ती वाचली, त्यांचे डोळे वाहिले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. घर वैष्णवांचे, विधी कोणताच नाही. तरी पापनिवेदनाची चारही अंगे येथे आहेत आणि संहितेचा विलोपही आहे. पुढे तोच प्रसंग आत्मकथेत हजारो वाचकांपुढे येतो तेव्हा मात्र ती वेगळी भाषिक कृती असते. वाचकाकडून क्षमा मागितलेली नसते. वाचकाला एक प्रयोग दाखवलेला असतो. चिठ्ठी ही कबुली आहे, प्रकरण हे कथन आहे. आपली समीक्षा या दोहोंना एकच नाव देते.

३

आपल्याकडे या विधीला समांतर असे काही नव्हते काय? होते, पण वेगळ्या मांडणीचे. मनुस्मृतीने पापातून सुटण्याच्या उपायांत ‘ख्यापन’ म्हणजे पाप जाहीर करणे, हा उपाय अनुतापाबरोबर मोजला आहे. उघड झालेल्या पापासाठी दोषी व्यक्तीने विद्वानांच्या परिषदेपुढे जावे आणि परिषदेने प्रायश्चित्त सांगावे, अशी व्यवस्था धर्मशास्त्रात आहे. कोणालाच ठाऊक नसलेल्या पापासाठी मात्र ‘रहस्य प्रायश्चित्त’ सांगितले आहे. ते ज्याचे त्याने गुपचूप करायचे. म्हणजे उघड पापाला सभा आणि गुप्त पापाला एकांत, अशी ही वाटणी आहे. गुप्त पाप दुसऱ्या माणसाला गुप्तपणे सांगणे हा तिसरा पर्याय तीत ठळक होत नाही. तो जैनांच्या ‘आलोचने’त दिसतो : तेथे साधक गुरूपुढे दोष सांगतो आणि गुरू प्रायश्चित्त देतो. परंतु तेथेही कर्माची निर्जरा तपाने होते, गुरूच्या शब्दाने नव्हे.

भक्तिपरंपरेकडे वळल्यावर पारिभाषिक घोटाळा अधिक वाढतो. नवविधा भक्तीतील शेवटच्या पायरीला ‘आत्मनिवेदन’ म्हणतात आणि आजचा वाचक त्याचा अर्थ ‘स्वतःविषयी सांगणे’ असा सहज करतो. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात रामदासांनी या नऊ भक्तींचे विवरण केले आहे. तेथील आत्मनिवेदन म्हणजे स्वतःला देऊन टाकणे. ‘मी कोण’ याचा शोध घेता घेता वेगळा ‘मी’ उरतच नाही, असा तो विचार आहे. पापनिवेदनाची दिशा याच्या नेमकी उलट आहे. त्यात ‘मी’ विरघळत नाही. एकेका कृत्याचा कर्ता म्हणून तो अधिकाधिक स्पष्ट होत जातो.

तुकारामांचे अभंग या दोहोंच्या मध्ये कोठे बसतात, हे काळजीपूर्वक पाहावे लागेल. स्वतःला अपराधी, पतित, दोषांची रास म्हणणारे अभंग त्यांच्या गाथेत पुष्कळ आहेत. तरी त्यांतील दोष बहुधा जातिवाचक आहेत, यादीवजा नाहीत. अभंग कीर्तनात गायला जातो. गाणारा वारकरी त्यातील ‘मी’ स्वतःच्या नावे करून घेतो. तो ‘मी’ हस्तांतरणीय आहे आणि त्यातच अभंगाचे सामर्थ्य आहे. पापनिवेदनातील ‘मी’ मात्र कोणालाही उसना देता येत नाही. तुकारामांनी आपल्या आयुष्याची हकिगत सांगितली आहे ती संतांनी विचारले म्हणून, संकोचाने. तेथे मागणी करणारा श्रोता आहे, पण निवाडा देणारा श्रोता नाही. निवाडा विठ्ठलाकडे, आणि तुकाराम त्याच्याशी भांडायलाही कमी करत नाहीत. पेटीच्या जाळीपुढे गुडघे टेकलेला माणूस भांडत नाही. वसईचे थॉमस डाबरे, जे पुढे वसईचे आणि २००९ पासून पुणे धर्मप्रांताचे बिशप झाले, त्यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन केले आणि त्यांचा ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाला तुकाराम आपलासा वाटावा, ही बाब दोन्ही परंपरांतील आर्ततेचे साम्य दाखवते. मात्र आर्ततेचे साम्य म्हणजे रचनेचे साम्य नव्हे.

४

कॅथलिक परंपरा मराठीत आली ती ग्रंथांतून आणि प्रश्नोत्तरांतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यांचे कोंकणीतील ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाले. ‘ख्रिस्तपुराणा’ची चौकट आपल्या ओळखीची आहे : नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो आणि पाद्री-गुरू सांगतो. ‘दौत्रिन’मध्येही शिकवणारा आणि शिकणारा आहेत. गुरू वक्ता आणि शिष्य श्रोता, हा पुराणकथनाचा संकेत स्टीफन्सनी सहज उचलला. त्याच चर्चमध्ये पापनिवेदनाच्या वेळी मात्र हा संकेत उलटा होतो. शिष्याला बोलावे लागते आणि गुरूला ऐकावे लागते. पुराणाची भाषा गुरूने घडवलेली, ओवीबद्ध आणि सर्वांची. पापाची भाषा शिष्याची, गद्य आणि एकट्याची. मराठी वाङ्मयेतिहासाने यांतील पहिल्या भाषेची नोंद घेतली. दुसरी नोंदीच्या पलीकडची होती.

या दुसऱ्या भाषेचा प्रश्न आज कोठे पाहायचा असेल तर तो पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात पाहता येतो. देहू आणि आळंदी यांच्या शेजारी वाढलेल्या या पट्ट्यात १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग वाहनांचे आणि यंत्रांचे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि नंतर चाकणपर्यंत औद्योगिक वसाहती पसरल्या. नोकरीच्या शोधात येथे आलेल्या कॅथलिकांत अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दलित ख्रिस्ती आहेत. वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि तमिळनाडूचे लोक आहेत. मिस्सा समूहाची असते. अर्धवट समजणाऱ्या भाषेतही ती ऐकता येते, गाता येते. उत्तरे पाठ असतात. पापनिवेदन तसे निभावत नाही. ते समूहात मिसळून करता येत नाही आणि पाठांतराने पुरे होत नाही. आरंभीचे वाक्य आणि शेवटची पश्चात्तापाची प्रार्थना छापील, प्रमाण मराठीत येते. मधला मजकूर मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत येतो, मग ती वसईची सामवेदी असो, वाडवळी असो की गोदाकाठची गावरान मराठी असो. एका विधीत भाषेचे असे दोन सांधे पडतात. ‘पाप’ हा शब्द पुस्तकाचा असतो. केलेल्या गोष्टीचे नाव घरचे असते. धर्मसंहितेत दुभाष्याची तरतूद आहे, पण तिचा आधार घ्यायला कोणाचे मन सहजी धजेल?

याच पट्ट्यात कबुलीचा आणखी एक प्रकार माणसाच्या रोजच्या परिचयाचा आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्यांत गैरवर्तनाच्या याद्या आणि खात्यांतर्गत चौकशीची रीत रूढ केली. आरोपपत्र येते, खुलासा मागितला जातो, आणि कामगार पुष्कळदा चूक मान्य करून माफीनामा लिहून देतो. माफीनाम्यातही कृत्य आणि तारीख नेमकी असते, पुढे असे न करण्याची हमी असते आणि निवाड्याचा अधिकार असलेला श्रोता असतो. एकच अट उलटी असते : माफीनामा फाइलीत राहतो आणि पुढच्या आरोपपत्राच्या वेळी बाहेर काढता येतो. शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये आणि सोमवारी सकाळी कार्यालयात त्याच माणसाने ‘माझे चुकले’ असे म्हटले, तरी ती दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले पुसले जाण्यासाठी उच्चारलेले असते, दुसरे साठवले जाण्यासाठी. पोलिसांपुढील कबुलीवर कायद्याचा विश्वास नाही, हेही येथे आठवावे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने ती आरोपीविरुद्ध ग्राह्य मानली नाही आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ती भूमिका कायम ठेवली. साठवल्या जाणाऱ्या कबुलीमागे दडपण असू शकते, हे कायद्याला कळले आहे. समीक्षेला ते कळायला हवे.

५

आता आधुनिक मराठी संहितांकडे वळू. ख्रिस्ती लेखकाचे आत्मचरित्र म्हणजे कबुली, हे समीकरण प्रथम बाजूला ठेवावे लागते. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) हे धर्मांतराचे कथन आहे. त्यात पूर्वायुष्य अंधारात आणि उत्तरायुष्य उजेडात असते. ते ग्वाही देते, क्षमा मागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४–३७) स्वतःचे हट्ट आणि फजित्या मोकळेपणाने येतात, पण त्या हास्याच्या स्वाधीन केलेल्या असतात. हे दोघेही प्रॉटेस्टंट परंपरेतले. तेथे कानात सांगायचे पापनिवेदन साक्रामेंत म्हणून नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात झालेल्या जागृतीत स्त्रियांनी आणि मुलींनी रडत, मोठ्याने, सर्वांदेखत पापे सांगितली. ती पुन्हा सभेपुढील कृती होती.

कॅथलिक धर्मगुरूच्या आत्मचरित्राचा प्रश्न आणखी निराळा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांच्यासारखा लेखक-धर्मगुरू स्वतःविषयी लिहितो तेव्हा अनेक वर्षे पेटीत बसून ऐकलेले सारे त्याला संहितेबाहेर ठेवावे लागते. अशा लेखनाला एक रिकामी जागा आधीच नेमून दिलेली असते. ती लेखकाच्या संकोचातून आलेली नाही. श्रोतेपणाच्या नीतीतून आलेली आहे. वाचकाने ती भरून काढण्याचा आग्रह धरू नये.

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात लीला बेणारेला शेवटी बोलण्यासाठी काही सेकंद दिले जातात. तिचे दीर्घ स्वगत चालू असताना इतर सारे गोठलेले असतात. पापनिवेदनाची मांडणी डोळ्यांसमोर ठेवली की या युक्तीचा अर्थ उजळतो. येथे नेमके कथन आहे, निवाडाही आहे. नाही तो ऐकणारा. ज्यांनी निवाडा द्यायचा त्यांनी ऐकलेलेच नाही, आणि ज्याने ऐकले त्या प्रेक्षकाला निवाड्याचा अधिकार नाही. श्रवण आणि अधिकार यांची ही फारकत हेच नाटकाचे क्रौर्य आहे. स्वगताला ‘कबुली’ म्हटले की ती फारकत दिसेनाशी होते, कारण मग बेणारेने काहीतरी कबूल करायचे होते, हे खटला चालवणाऱ्यांचे गृहीतक आपण मान्य केलेले असते.

‘बलुतं’ (१९७८) या बाबतीत अधिक गुंतागुंतीचे आहे. दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे तेथे समोरासमोर येतात आणि दगडू आपली कहाणी सांगतो. श्रोता संहितेतच बसवलेला आहे. तो शिकलेला, पांढरपेशा झालेला. तरी निर्दोष नाही, म्हणून मुक्ती देण्याच्या स्थितीतही नाही. पत्नीवरील संशय आणि त्यातून झालेली ताटातूट यांसारख्या भागांत खरे पापनिवेदन आहे : तेथे ‘मी’ कर्ता आहे. महारवाड्यातील जिणे, बलुत्याचा तुकडा आणि अपमान यांच्या कथनात मात्र ‘मी’ कर्ता नाही, तो भोगणारा आहे. ते पाप सांगणाऱ्याचे नव्हे. ऐकणाऱ्या समाजाचे आहे. पहिला भाग कबुली, दुसरा साक्ष. हे दोन्ही धागे एकाच संहितेत पिळलेले आहेत आणि म्हणूनच तिचे वाचन अवघड आहे. मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनालाही हाच भेद लागू पडतो. सोसलेल्याच्या कथनाला कबुली म्हटले की सोसणारा आरोपीच्या जागी उभा केला जातो. भाषेतील हा अन्याय लहान नाही.

६

येथे एक आक्षेप संभवतो. कॅथलिक विधीचे हे वर्णन त्याच्या आदर्श रूपाचे आहे. प्रत्यक्षात पेटी ही सत्तेची जागा नाही काय? फूकोने १९७६ मध्ये ‘लैंगिकतेच्या इतिहासा’च्या पहिल्या खंडात दाखवले, की बोलायला लावणे हेच आधुनिक सत्तेचे मोठे तंत्र आहे आणि त्याचे मूळ या विधीत आहे. बोलणारी स्त्री आणि ऐकणारा पुरुष, हा संबंधही निरुपद्रवी नाही. २०१८ मध्ये केरळातील एका ऑर्थडॉक्स संप्रदायाच्या काही धर्मगुरूंवर, पापनिवेदनात कळलेल्या गोष्टींचा वापर करून स्त्रीचे शोषण केल्याचा आरोप झाला. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि चर्चने तिला विरोध केला. आक्षेप रास्त आहे. तथापि तो वरील प्रतिपादनाला छेद देत नाही. उलट पुष्टीच देतो. हा आरोप इतका गंभीर वाटतो, तो श्रोत्याने दोन अटी मोडल्याचा आरोप आहे म्हणून : गुप्ततेची आणि अधिकाराच्या मर्यादेची. श्रोत्याचा अधिकार जितका मोठा, तितके त्याचे बंधनही मोठे असावे लागते. ज्या श्रोत्याला काहीच बंधन नाही त्याने निवाड्याचा अधिकार घेणे, हे त्याहून वाईट.

मुद्रित पुस्तकाचा वाचक हा असाच बंधनमुक्त श्रोता आहे. तो ऐकतो, साठवतो, उद्धृत करतो, परीक्षण लिहितो, वर्गात शिकवतो. त्याला मोहोर पाळायची नसते. त्याने कोणाला प्रायश्चित्त सांगायचे नसते आणि कोणाला मुक्तीही द्यायची नसते. तरी दलित आणि स्त्रियांच्या आत्मकथनांची परीक्षणे वाचताना ‘धीट कबुली’, ‘प्रांजळ कबुली’ अशी प्रशस्तिपत्रे भेटतात, तेव्हा त्या प्रशस्तीत क्षमा करणाऱ्याचा स्वर ऐकू येतो.

म्हणून तीन संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. ज्यात ‘मी’ देवापाशी विरघळतो ते आत्मनिवेदन. ज्यात ‘मी’ आपल्या नेमक्या कृत्यांचा कर्ता म्हणून, मुक्ती देऊ शकणाऱ्यापुढे उभा राहतो ते पापनिवेदन. छापील वाङ्मयात ते क्वचित आणि अंशतःच भेटेल. ज्यात ‘मी’ आपल्यावर झालेले सांगतो ती साक्ष. साक्षीचा श्रोता धर्मगुरू नसतो आणि न्यायाधीशही नसतो. पुष्कळदा तो स्वतःच त्या प्रकरणातील एक पक्ष असतो. ‘बलुतं’सारखी संहिता शिकवताना विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न हा विचारता येईल : या पानावर कर्ता कोण आहे, आणि हे ऐकताना आपण कोणत्या जागी बसलो आहोत?